अकतोसच्या मागून

सार्सेनबायने सुनेने पुढे केलेली पिशवी खुंटीला अडकवली आणि अकतोस कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घातला.

"बाबा, बागेत लागेल ती," मेरुएर्त खाली बघत म्हणाली. सासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलायची तिच्याकडे रीत नव्हती.

"लगाम धरलेल्या हातांनी कुत्र्याची घाण उचलू? गाय असती तर गोष्ट वेगळी. चूल तरी पेटली असती."

रोजचंच होतं हे. बायको गेली, घोडे विकले, गाव सुटलं. म्हाताऱ्याने अल्माटीला मुलाकडे येताना आणलं ते हे एक शिकारी कुत्रं. बागेतल्या लोकांनी तक्रारी केल्या तेव्हा मुलगा दानियार स्पष्ट बोलला होता, आणखी एक तक्रार आली की कुत्रं देऊन टाकायचं. म्हाताऱ्याला घास गिळवेना. पण तक्रारी थांबल्या. लोकांना माणूस कळला, असं धरून तो बागेत जरा ताठच चालू लागला. मान मिळालाय असं वाटायला माणसाला पुरतं तरी किती थोडं!

आज सकाळी काठी बाकावर विसरली म्हणून तो अर्ध्या वाटेवरून परत फिरला. एल्मच्या झाडाखाली कुणी बाई वाकली होती. अंगावर ऑफिसचा कोट, डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातात. मेरुएर्त होती ती. अकतोस जिथे जिथे थांबला होता, तिथे तिथे ती वाकत होती.

सार्सेनबायला राग यायला हवा होता. आली ती आईची आठवण. थंडी पडायच्या आधी माळावर रानशेणी वेचणारी आई, पाठीला पोतं, रुमालाचं टोक असंच दातात. तो पुढे पळायचा, ओरडायचा, "आई, इथे एक, चांगली वाळलीय!" मग पोत्याचं तोंड धरून उभा राहायचा. त्या शेण्यांवर अख्खा हिवाळा निघायचा. तो धूर, तो चहा, ती माणसं. कुठे गेलं सगळं? त्याचे डोळे भरून आले, आणि स्वतःची लाजही वाटली, चांगलीच वाटली.

"सूनबाई, इकडे एक राहिलंय. झुडपामागे."

ती दचकून उभी राहिली.

"बाबा, तुम्ही घरी जा. लोक बघतील."

"माझ्या आईकडेही सगळं गाव बघायचं." त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडून धरलं.

ती पुन्हा वाकली. जरा वेळाने तशीच, खाली बघत म्हणाली,

"ह्यांना काही बोलू नका हं. ह्यांना वाटतं, तुम्हीच उचलता. कौतुक करत असतात तुमचं."

अकतोस पट्टा ओढत होता.

"मग त्याला खोटं कशाला पाडायचं?" तो म्हणाला. "उद्यापासून तू झोपून राहा."