चष्मा वर सरकवायची खूण

नातीनं बास गिटार खोळीत घातली आणि चेन ओढली, तेव्हा आमचे हे खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"माझ्या बोटांतच खोट आहे, आजी. काल बँडचा ड्रमवाला म्हणाला, बास वाजवतेयस की पत्र्यावर खिळा घासतेयस? उद्या पुन्हा ऐकणार आहेत, मग ठरवणार बँडमध्ये घ्यायचं की नाही. मी नाही जायची."

"अगं, बटणं फिरवून बघायचीस."

"तोही तेच म्हणाला. मी म्हटलं, बटणं आजोबांनी लावलीत, ती बरोबरच असणार."

यांची पाठ जराशी वाकली. बोटांत खोट नव्हती हे त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही.

यांनी उभी हयात बँडमध्ये बास वाजवला. हे वाजवत असताना कुणाचं लक्ष जायचं नाही, पण थांबले की गाणं मटकन खाली बसायचं. पायाशी प्रीअँप पेडलची लोखंडी डबी असायची. गिटारची वायर तिच्यात शिरायची, आवाजाला घाट मिळायचा आणि मग तो स्पीकरकडे जायचा. डबीवर तीन बटणं: खालच्या सुरांसाठी बास, मधल्यांसाठी मिड, वरच्यांसाठी ट्रेबल. स्टेजवरच्या माणसाला हॉलच्या टोकाला काय पोचतंय ते कळत नाही, म्हणून कार्यक्रमाआधी मी शेवटच्या रांगेत बसायची. आमच्या खुणा ठरलेल्या: आवाज टोचला की मी चष्मा वर सरकवायचा, फार घुमला की पोटावर हात ठेवायचा. बँडवाले चिडवायचे, "वहिनींचं पोट दुखायला लागलं रे, बास कमी कर!" काय दिवस होते!

तीच डबी यांनी नातीला दिली. काल सकाळी ती आंघोळीला गेली असताना हे वाजवून बघत होते. "दबलेला येतोय," म्हणत त्यांनी ट्रेबलचं बटण पिळलं, आणखी पिळलं. माझे दात आंबले.

"आता कसा?"

हल्ली दाराची बेल यांना ऐकू येत नव्हती आणि आम्ही दोघं बेललाच नावं ठेवत होतो. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा फुलला होता. माझा हात चष्म्याकडे गेला. मी तो काढला आणि पदरानं पुसत बसले.

"छान," मी म्हणाले.

आता हे खिडकीपासून वळले.

"खोट बोटांत नाही, बाळ. माझ्या कानांत आहे. वरचे सूर मला ऐकूच येत नाहीत. न येणारं ऐकायला मी बटण पिळत राहिलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला तर ऐकू आलं होतं ना?"

"हो."

"मग चष्मा का नाही सरकवलास?"

"तुमचा चेहरा बघून..."

"माझ्या चेहऱ्याचं काय लोणचं घालायचंय? पोरीचं नुकसान झालं ना!"

मला तोंड वर करवेना. नात आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती. "मी रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या," ती हळूच म्हणाली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं खोळीची चेन उघडली. "आजी, बोळाच्या टोकाला खुर्ची टाकून बस."

मी बसले. तिनं तार छेडली. मी चष्मा वर सरकवला. तिनं बटण मागे घेतलं. मी पुन्हा सरकवला. तिनं आणखी घेतलं. मध्ये एकदा पोटावर हात ठेवला, पण कुणी हसलं नाही. हे डबीकडे बघतच नव्हते. माझ्या हातांवर त्यांचे डोळे खिळले होते. शेवटी खालून, खुर्चीच्या पायांतून, तो जुना गोल आवाज आला आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"उद्या तिथेही मागे बसायचंस," नात मला म्हणाली. "आणि 'छान' म्हणायचं नाही."

"आणि मी?" यांनी चाचरत विचारलं.

तिनं त्यांच्याकडे न बघता गिटार खोळीत घातली आणि खोळ त्यांच्या हातात दिली.

"तुम्ही ओझं उचलायचं, आजोबा."

त्यांनी ती लगेच खांद्याला लावली. जायचं उद्या होतं, हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.