पाटीचा टायर

श्रीपादराव दिघ्यांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या नजरेत पसंत केली नव्हती. बायको तेवढी सोडून, आणि तीही आईनं पसंत केली होती असं ते अजून बजावून सांगत. बावीस वर्षं ते मिलच्या घडी खात्यात कापड तपासनीस होते. ताग्यावर भिंग ठेवायचं, इंचातले धागे मोजायचे, निळ्या पेन्सिलीनं फुली मारायची आणि दोषपर्चीवर विणकराचं नाव लिहायचं. पर्ची गेली की त्या विणकराची मजुरी कापली जाई आणि श्रीपादरावांना जेवण गोड लागे. मिल बंद पडली त्या दिवशी फाटकापाशी माणसं ढसाढसा रडली. श्रीपादरावांनी नोटिशीतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढून दाखवल्या.

त्याच सुमारास देशात उदारीकरण आलं. पूर्वी इंदुरात सायकलला एकाच जातीचा काळा टायर मिळे आणि माणसाला एकच नोकरी, जन्मभर पुरणारी. आता टायर सात प्रकारचे मिळू लागले आणि नोकरी मिळेनाशी झाली. निवडीचं स्वातंत्र्य म्हणतात ते हेच असावं.

पाच वर्षं घरी बसून श्रीपादरावांनी शैलजाबाईंच्या पोळ्या तपासल्या. कडा जाड, पापुद्रा कमी, एक डाग जास्त. "एक दिवस मी पण पर्ची लिहीन हां," शैलजाबाई म्हणायच्या, "आणि सीधी तुमच्या आईच्या फोटोला लावीन." पण पाच वर्षांत त्या माणसाच्या खिशातली निळी पेन्सिल कुणी काढून घेतली नाही, हेही खरं. ती गेली असती तर ते उरले नसते, हे बाईंना कळत होतं.

मग ऑक्टोबरात पत्र आलं. सोयाबीन तेलाच्या एका नव्या कंपनीला हातोदच्या खरेदी केंद्रावर माल तपासणारा माणूस हवा होता. सकाळी केंद्रावर हजेरी, मग गाडीवाटेनं खळ्याखळ्यावर जाऊन दाणा बघायचा. 'स्वतःचं वाहन आहे का?' या प्रश्नापुढे श्रीपादरावांनी 'होय' लिहिलं होतं. वाहनाला इंजिन आहे का, असं कंपनीनं विचारलं नव्हतं. सोमवारी नऊला हजर व्हायचं, उशीर झाला तर यादीतल्या पुढच्याला बोलावू, असं खाली लिहिलं होतं. यादीत चाळीस नावं होती.

वाहनाचा मागचा टायर पार टक्कल पडलेला. रामबागेतल्या घरापासून हातोदपर्यंत वीस किलोमीटर डांबर आणि पुढे काळ्या मातीच्या वाटा, एवढं झेपेल असा टायर रविवारीच घ्यायला हवा होता. सियागंजात श्रीपादरावांनी भिंग बाहेर काढताच दुकानदार म्हणाला, "बाबूजी, टायर लेना है के पत्रिका मिलानी है?" दुसऱ्यानं तेवढंही विचारलं नाही, सरळ पंखा बंद केला. दुपारपर्यंत श्रीपादराव परदेशीपुऱ्यात येऊन पोचले, कारण त्यांना माल हाताळू देईल असं एकच दुकान आता उरलं होतं. ते तात्यारावांचं होतं.

तात्याराव मिलमधले विणकर. आजोबा महूच्या पलटणीत होते, त्यामुळे पाठ ताठ ठेवायची सवय घराण्यातच होती. श्रीपादरावांनी सगळ्यात जास्त पर्च्या लिहिल्या त्या त्यांच्याच नावानं. 'दोष माझा नाही, सूतच कच्चं येतंय,' असा अर्ज तात्यारावांनी एकदा केला होता. श्रीपादरावांनी तो दोनदा परत पाठवला. अर्जावर तारीख नव्हती. तिसऱ्यांदा तात्यारावांनी अर्ज केला नाही. मिल बंद झाल्यावर त्यांनी सायकलीचं दुकान टाकलं आणि आपल्या सगळ्या पर्च्या गल्ल्यामागच्या तारेला टोचून ठेवल्या. पाठकोऱ्या होत्या, काही लिहायला उपयोगी पडत.

"या साहेब," तात्याराव म्हणाले.

"तात्या, टायर दाखव. चांगला दाखव."

तात्यारावांनी तीन टायर काढले. "हा पतला बघा. गुळगुळीत आहे, सडकेवर हवेसारखा पळतो. पण मातीत शिरला की बैलजोडी बोलवा."

"हा दातेरी?"

"हा मौंटेनवाला. आजकल सगळी पोरं हाच मागतात."

"हातोदला डोंगर कुठेय?"

"तेच म्हणतो ना भिया! डांबरावर घर्रर्र करतो, वीस किलोमीटरमध्ये तुमच्या टांगा जवाब देतील. आणि दातात काळी मिट्टी भरली की मडगार्डमध्ये चाक जाम." तात्यारावांनी तिसरा टायर पुढे केला. "हा घ्या. बीच में सलग पट्टी, किनाऱ्याला दाणे. हवा टाइट असली की सडकेला फक्त पट्टी लागते. वाटेला लागलात की थोडी हवा सोडा, दाणे पकडून घेतात. नायलॉनचा धागा आहे, सडत नाही."

श्रीपादरावांनी टायर उलटा केला, आतून भिंग लावलं आणि पोळीत खडा लागावा असा चेहरा केला. "याला वीण कुठेय? सगळे धागे एकाच अंगाला झोपलेत. आडवा धागाच नाही!"

"टायरमध्ये आता असंच असतं साहेब."

"आता सगळंच असं असतं. नापास." एका विणकरानं सांगितलं आणि तपासनिसानं घेतलं, असं मिलमध्ये कधी झालं नव्हतं. मिल बंद असली म्हणून काय झालं.

एवढ्यात त्यांची नजर वर गेली. दुकानाच्या दाराशी, पाटीच्या जागी, एक जुना टायर लटकत होता. आतून जाड सुती कॅनव्हास दिसत होता. श्रीपादराव स्टुलावर चढले, भिंग लावलं आणि त्यांचा आवाज बदलला. "हे आपल्या मिलचं कापड!"

"माझ्या लूमवरचं आहे," तात्याराव म्हणाले. "टायरवाल्या कंपनीला आपण दोन वर्षं माल दिला होता ना. म्हणून तर पाटी केली त्याची."

"आणि मी पास केलेलं. काय वीण आहे, वा! हाच दे."

"साहेब, तो पाटी आहे. पाच वर्षं धूप-पाणी खातोय. सडला असेल."

"कापडाला काही झालेलं नाही," श्रीपादराव म्हणाले. वरच्या रबराला करंगळी जाईल एवढ्या भेगा होत्या, पण ते कापडाचे तपासनीस. रबर त्यांच्या खात्यात येत नव्हतं. बावीस वर्षं चांगल्या मालाला फुल्या मारणाऱ्या माणसानं शेवटी प्रेमानं एक नग पास केला, आणि नेमका तो.

तात्यारावांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग टायर चढवून दिला. कॅरियरला मात्र त्यांनी पोत्यात गुंडाळलेलं एक बोचकं बांधलं. "हातोदच्या बाजारात माझा साडू आहे, त्याला द्या. तुम्ही जातच आहात." श्रीपादरावांनी नाक मुरडलं, पण आत काय आहे ते पाहिलं नाही. बांधलेला माल उघडायचा नाही, असा मिलचा नियम होता.

सोमवारी पोहे खाऊन ते सहाला निघाले. 'सावकाश जा' असं शैलजाबाई दारातून दोनदा म्हणाल्या, ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गावाबाहेरची गांधीनगरची वस्ती मागे पडेपर्यंत टायर उत्तम चालला. "आपलं कापड!" ते दोनदा मोठ्यानं म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मागे बार झाला, एक कुत्रं केकाटत शेतात पळालं आणि श्रीपादराव सायकलीसकट आडवे झाले.

उठून त्यांनी टायर चाचपला. सुताचा बोटांत भुगा झाला. हातोद अजून सहा किलोमीटर होतं, साडेसात वाजून गेले होते आणि यादीतले उरलेले एकोणचाळीस लोक कुठेतरी चहा पीत होते. श्रीपादराव पुलाच्या कठड्यावर बसले आणि त्यांना रडू आलं. मिलच्या फाटकाशी आलं नव्हतं ते पाच वर्षं उशिरानं आलं. नोकरी गेली, एवढंच त्यांच्या मनात होतं. शैलजाला काय सांगू, एवढंच.

डोळे पुसताना त्यांना बोचकं दिसलं. पडताना त्याचं तोंड सुटलं होतं आणि आतून ट्यूबचा व्हॉल्व्ह डोकावत होता. श्रीपादरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बांधलेला माल उघडला. आत तोच नापास केलेला नायलॉनचा टायर होता. नवी ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप. आणि एक पर्ची. त्यांचीच, मिलची, त्यांच्याच अक्षरातली. 'विणकर: तात्याराव' यावर काट मारली होती. पाठीमागे लिहिलं होतं: 'दोष: उन्हात सडलेला माल. भिंग लावूनही दिसला नाही. जबाबदार:' आणि पुढे जागा कोरी सोडली होती.

साडू वगैरे कुणी नव्हता.

टायर चढवायला त्यांना पाऊण तास लागला. दोन नखं तुटली, सदऱ्याला काळं लागलं. नऊला पाच मिनिटं असताना ते केंद्रावर पोचले. टाय लावलेल्या तरुण साहेबानं त्यांचे हात पाहिले. "अंकल, ये क्या?"

"टायर बदला साहब. रास्ते में."

"खुद?" साहेबानं यादीवर खूण केली. "चलो, काम आएगा."

दिवसभर ते खळ्याखळ्यावर फिरले. तात्यारावांनी सांगितलं तशी वाटेवर थोडी हवा सोडली, सडकेवर पुन्हा भरली. टायरात दोष काढायचा त्यांनी संध्याकाळपर्यंत मनापासून प्रयत्न केला. एकही सापडला नाही, आणि याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

घरी न जाता ते आधी परदेशीपुऱ्यात आले. पर्ची गल्ल्यावर ठेवली. कोऱ्या जागेत निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: श्रीपाद दिघे, तपासनीस.

"तात्याराव," ते म्हणाले. नावापुढचं 'राव' बावीस अधिक पाच वर्षांनी त्यांच्या तोंडातून निघालं आणि निघताना जरा अडखळलं. "माझं चुकलं. घ्या."

तात्यारावांनी पर्ची हात लांब करून वाचली, उजेडात धरली, पुन्हा वाचली. मग परत गल्ल्यावर ठेवली.

"तारीख राहिली, साहेब."

श्रीपादरावांनी पेन्सिल काढली. "आजची घालू?"

"दोष ज्या दिवशी झाला त्या दिवसाची घालायची असते. तुमचाच नियम आहे."

श्रीपादरावांनी पेन्सिल कागदावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. त्यांना आधी आठवला तो टायर नव्हे, दोनदा परत पाठवलेला तात्यारावांचा अर्ज. पण त्यावर तारीख नव्हती.