रेडकू रुतलं तिथपर्यंतचा मी

मी बोलायलोय, पण अर्धाच हाय. दात काढू नका. एकेकाळी मीबी अख्खं पुस्तक होतो. रंगीत, करकरीत! डाव्या पानावर कन्नड, उजव्यावर मराठी. दोन म्हशी एका डबक्यापायी टकरा घेतात, शेवटी मात्र गाळात रुतलेलं रेडकू जोडीनं बाहेर काढतात, अशी माझी गोष्ट.

चिंताकीत, आमच्या सीमेवरच्या गावात, एकाच इमारतीत दोन शाळा. कन्नड शाळेत भाग्यलक्ष्मी, म्हंजी भागी. मराठी शाळेत तुळजा. दोघींची घरं लागून. पुस्तक आलं एकच. हावगेप्पा गुरुजी म्हणले, "आठवडा हिच्याकडं, आठवडा तिच्याकडं." लई शहाणा माणूस! रोज दोघी माझ्यावरनं एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या.

"नकटे, माझा आठवडा लागलाय!" तुळजा वरडली.

"काल तुझ्या म्हशीनं चाटलं की त्याला! न्हाई देत जा."

"मग वाटून घिऊ. कन्नड तुझं, मराठी माझं. वड!"

मला मधोमध उघडलं. भागीनं डावीकडनं वडलं, तुळजानं उजवीकडनं. चर्र!

भाषा कुठं वाटल्या जातात अशा? दोघींच्या वाट्याला दोन्ही आल्या, तुटली ती गोष्ट. भागीकडं मी, रेडकू गाळात रुतलं तिथपर्यंत. त्याला काढलं कसं, ते सगळं तुळजाकडं.

दोघींनी तुकडे जोडून बघितले. मग तुळजा म्हणली, "ऐतवारी दाभणानं शिवू."

शुक्रवारीच तिची आई पद्माबाई तिला घेऊन हैद्राबादला गेली, बिल्डिंगच्या कामावर. माझा अर्धा भाग बोचक्यात गेला.

भागी मला रोज वाचायची अन् रेडकापाशी थांबायची. "जत्रेला तुळजी येतीच," म्हणायची. एक जत्रा गेली. दुसऱ्या जत्रेला तुळजा आली. हाताला भेगा, बोलणं मोठ्या बाईवाणी.

भागी मला घिऊन पळत गेली. "रेडकू निघालं का गं?"

"कोणतं रेडकू?"

"पुस्तकातलं!"

"ते व्हय... पत्र्यातनं पाणी आलं, पानं भिजून गेली. मी वाचलंच न्हाई, भागे. रोज वाळू चाळायलेय, येळ कुठं?"

भागी मला पोटाशी धरून घरी आली.

जत्रा सरली, तुळजा परत हैद्राबादला गेली. आता मी ज्वारीच्या कणगीखाली हाय, ती डुगडुगू नये म्हणून. भागी शाळेतनं येती, गप जेवती. कुणाच्या झिंज्या उपटत न्हाई.

तुमी हैद्राबादकडं जायलाव का? तर तुळजाला एवढं सांगा. शिवायचं राहू दे म्हणावं. भांडायला तरी ये.