डब्यावरचं नाव

आभार मानण्यात मी कंजूस माणूस आहे. लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या बंगल्यांवर वर्षानुवर्षं माळीकाम करतोय. "थँक्यू, कैलास" फुकटात लय ऐकलं, त्यामुळं त्या शब्दाचा वीट आलाय. तरी हे लिहितोय ते आभारासाठीच.

माझी लेक पिंकी. तिला घरबसल्या काम मिळायची संधी आली होती, एका कंपनीच्या गिऱ्हाइकांशी चॅटवर बोलायचं. शुक्रवारी सकाळी ऑनलाइन परीक्षा. ती हुकली तर पुन्हा पवनेकाठच्या पर्यटकांच्या कॅम्पवर तंबू झाडायचे आणि रात्री पिऊन ओरडणाऱ्यांच्या बाटल्या सकाळी उचलायच्या. ते मला नको होतं.

कॉम्प्युटर बंगल्यातलाच. मालकांनी नवा घेतला, जुना मला दिला आणि गाव इनाम दिल्यासारखं तोंड केलं. परीक्षेचं सॉफ्टवेअर त्याच्यावर उघडेना. बायोस जुना आहे, अपडेट करा, एवढंच पडद्यावर येई. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उठून मशीनला उठवणारा प्रोग्राम. हे मला त्या गुरुवारी कळलं.

पुतण्या विक्कीनं कॉम्प्युटरच्या डब्यावरचं कंपनीचं नाव वाचलं, मोबाइलवर शोधलं आणि फाइल भरलेला पेनड्राइव्ह आणून मशीनला लावला.

"काका, धा मिन्टाचं काम हाय. व्हिडिओ बघितलाय मी."

"थांब रे," पिंकी म्हणाली. "जाहिदाताईला इचारते."

जाहिदा कॉलेजात पिंकीच्या पुढं होती. आता लोणावळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. पिंकीनं फोन स्पीकरवर टाकला आणि बायोसचं, विक्कीनं पेनड्राइव्हवर आणलेल्या फाइलीचं सांगितलं.

"आत्ता कुठलं व्हर्जन चालू आहे?" जाहिदानं पहिलं हेच विचारलं.

"नवीन टाकायचंय, ताई. जुन्याची चौकशी कशाला?" विक्की मधेच बोलला.

"कोण हे शहाणं? पेनड्राइव्ह काढ आधी!"

विक्कीनं काढून खिशात टाकला.

"पिंकी, विंडोजचं बटण धरून आर दाब. एमएसइन्फो आणि पुढं बत्तीस, जोडून लिही. एंटर. आता बायोस व्हर्जनची ओळ वाच. बेसबोर्डची, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचीही."

पिंकीनं वाचलं. जाहिदानं दोनदा वाचायला लावलं.

"आणि डब्यावर कुणाचं नाव आहे?"

मी सांगितलं.

"काका, आतला बोर्ड दुसऱ्याच कंपनीचा आहे. कुणीतरी मधे बदललाय. विक्कीची फाइल ह्या मशीनची नाहीच."

"आन घातली आसती तर?" मी विचारलं.

"नशीब असतं तर मशीननं नाकारली असती. नसतं तर उद्या पडदा काळा."

बदललेला बोर्ड सांगायचा सोडून वरचं चकचकीत नाव मला दाखवणाऱ्या मालकाला मी जी शिवी दिली, ती जाहिदानंही ऐकली. हसली.

बोर्डाचं खरं नाव कळल्यावर तिनं खरी फाइल शोधली. चालू व्हर्जन त्याहून जुनंच होतं, म्हणजे अपडेट लागणारच होतं.

"पण घरी करू नका. आज गुरुवार."

गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी लाईट घालवतात. दुपारी येते, पण संध्याकाळपर्यंत लपंडाव चालतो. काम अर्धं असताना गेली असती तर मशीन उठलंच नसतं.

"घेऊन या. माझ्याकडं बॅटरी आहे," ती म्हणाली.

मी डबा गोधडीत गुंडाळून जीपपाशी गेलो. जीपवाला धोंडिबा म्हणाला, "काय रं, कुनाला उचलून आनलंस?"

"लेकीची नोकरी हाय."

"मंग पुढं बस. मागं आदळंल."

पुढं बसलेल्या दोघांना त्यानं मागं पाठवलं. एकेका खड्ड्यात गाडी अशी उतरवली, जणू बाळंतिणीला घेऊन चाललाय. मागची माणसं उशीर झाला म्हणून कुरकुरली, तर त्यांनाच दरडावलं.

दुकानात जाहिदानं फाइल चढवली. मशीन आपोआप बंद झालं, उठलं, पुन्हा बंद झालं. पिंकीनं माझं मनगट आवळून धरलं होतं. मग विंडोज आलं. जाहिदानं तीच खिडकी उघडली आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"काका, तुम्ही वाचा."

मी एकेक अक्षर लावून वाचलं. आकडा बदलला होता. परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडलं.

पिंकी पास झाली. मी आंबेमोहराची पिशवी घेऊन जाहिदाकडं गेलो. थँक्यू म्हणायला जीभ रेटेना.

"तू व्हतीस म्हनून, पोरी," एवढंच निघालं.

"तुमची पोरगी विचारायला थांबली म्हणून, काका," ती म्हणाली आणि पिशवीत नाक घालून तांदळाचा वास घेतला.

डब्यावरचं नाव मी विळ्यानं खरवडून काढलं. तिथं आता चिकटपट्टीवर, पिंकीच्या अक्षरात, आतल्या बोर्डाचं नाव आणि व्हर्जन आहे. त्याखाली जाहिदाचा नंबर.