मेव्हण्यावर खार खाणारा कंप्युटर

वारंगा फाट्यावर उत्तमराव आडत्याच्या दुकानापुढं चपलांचा ढीग पडला होता. एवढ्या चपला तर सप्त्याच्या जेवणावळीलाही पडत नाहीत. लोक अनवाणी रांगेत, हातात हळकुंडं, आणि तोंडं अशी, की आत घरच्या सुनेचं बाळंतपण चालू आहे.

आत काचेची खोली, मागची भिंत तेवढी प्लायवूडची. खोलीत एसी घुमतोय. टेबलावर कंप्युटर, त्याला झेंडूचा हार, पडद्याच्या कपाळावर कुंकू. माउसलाही एक टिकली, बिचारा नाराज व्हायला नको म्हणून.

बाजूला मशीन विकायला आलेला, टाय घातलेला हरीश. तो चिठ्ठी वाचून मोठ्यानं नाव पुकारायचा आणि म्हणायचा, "मोडा!"

शेतकरी माइकसमोर हळकुंड मोडायचा. कट्ट! सगळे श्वास रोखून. मग पडद्यावर भला मोठा आकडा उमटायचा. एक, दोन, नाही तर तीन. एक म्हणजे उत्तम माल, तीन म्हणजे पडता भाव.

"मशीनने आवाज सुना, दिमाग लगाया, फैसला दिया!" हरीश हात पसरायचा. "ये है आर्टिफिशियल इंटेलिजन्स. म्हणजे कृत्रिम बुद्धी."

"असली काहून आणली न्हाई मंग? स्टॉक संपला का?" मागून चतुराबाईनं विचारलं.

"मावशी, असली बुद्धी थकते, चुकते, चहा मागते."

लोक हसले. चतुराबाई पण हसली, पण तिचं हसणं दातांवरच थांबलं. वीस वर्षं याच दुकानात ती हळद निवडत होती. पक्की वाळलेली हळद मोडली की काशाच्या वाटीवर खडा पडल्यागत वाजते. ओलसर असली की नुसती वाकते, सासरी आलेल्या नव्या जावयासारखी. हे कानानं ओळखणाऱ्या अकरा बाया आणि बारावी चतुराबाई. त्यांच्यावर पारखी म्हणून शेषराव. मशीन आलं आणि उत्तमरावांनी हात जोडून सांगितलं, "बायांनो, उद्यापासून येऊ नका. दोन मतं झाली की मशीन रुसतं, असं हरीश साहेब म्हणून राहिले." शेषराव तर म्हणे त्याआधीच औरंगाबादला रवींद्रकडं, म्हणजे लेकाकडं, निघून गेला.

आता येत्या सोमवारी फाट्यावरचे आणखी तीन आडते मशीन बघायला येणार होते. त्यांनीही घेतलं, की बारा काय, साऱ्या बाजारातल्या बाया घरी.

मशीनचा महिमा तर रोज वाढत होता. लाइट गेली तरी पडदा जळतच राहतो हे पाहून एक म्हातारा पाया पडायला आडवाच झाला. खालच्या बॅटरीच्या डब्यावर डोकं आपटलं तरी त्याला कळेना. पारुबाईनं तापलेल्या नातवाचं मनगट माइकसमोर धरलं. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर आलं, तीन.

"तीन दिवसांत उतरेल!" हरीश म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं रडत होतं, त्याला कुणी दवाखान्यात न्या म्हणालं नाही. शेवटी चतुराबाईनंच पारुबाईला दंडाला धरून कळमनुरीच्या जीपमध्ये बसवलं.

ती परत येते तो समोर प्रेमानंद. शेषरावचा मेव्हणा, म्हणजे त्याच्या बायकोचा, शकुबाईचा भाऊ. नुसता धुमसत होता.

"तिसऱ्यांदा तीन नंबर! हे बघ, मोड!"

चतुराबाईनं हळकुंड मोडलं. असं खणखणीत वाजलं, की टपरीवरचा माणूस वळून बघायला लागला.

"हे तर एक नंबर हाय रे. शेषरावनं तुला कधी एक नंबर दिला व्हता?"

"त्यो देतंय व्हय! त्याच्या लग्नात आमी घड्याळ कबूल केलं, ते द्यायचं राहिलं. सत्तावीस वर्षं झाली. बाकी गावाला बराबर नंबर, अन् मला कायम तीन!"

चतुराबाईच्या तोंडावर हळूहळू असं हसू पसरलं, की प्रेमानंद दोन पावलं मागं सरला.

"प्रेमानंद, कंप्युटरला मेव्हणा असतंय का रे?"

पण चतुराबाई नुसत्या संशयावर नाचणारी नव्हती. तिनं त्याच पोत्यातली मूठभर हळकुंडं शेजारच्या जनकाबाईच्या ओच्यात घातली आणि तिला तिच्या स्वतःच्या नावानं रांगेत धाडलं. हरीशनं "जनकाबाई!" पुकारलं. कट्ट! पडद्यावर एक. तीच हळद, तेच पोतं. लगेच प्रेमानंदला धाडलं. "प्रेमानंद!" कट्ट! तीन.

दोनदा केलं. दोन्हीदा तेच.

संध्याकाळी ती शेषरावच्या घरी गेली. शकुबाई म्हणाली, "त्यायला जाऊन महिना झाला की." म्हणाली खरी, पण अंगणातल्या दोरीवर धोतर वाळत होतं, ओलं, पाणी गळत असलेलं. माणूस औरंगाबादला आणि धोतर वारंग्याला! चतुराबाईनं गूळ मागितला, घेतला आणि ती घरी आली.

सोमवारी तीन आडते खुर्च्यांवर बसले. हरीशनं टायची गाठ आवळली. उत्तमरावांनी उदबत्ती लावली. आणि तेवढ्यात बाहेरून असा हंबरडा आला, की एक आडता खुर्चीसकट मागं सरकला.

बारा बाया ऊर बडवत आत घुसल्या. चपलांसकट!

"अगं माय गं! शेषराव गेला गं! औरंगाबादला गेला अन् तिकडूनच वर गेला गं!"

उत्तमराव हादरले. हरीश तर त्यांच्याहून जास्त हादरला. "आवाज नको! मशीनला तकलीफ होते!"

"आमच्या पारख्याला रडू बी नको का?" चतुराबाईनं माइकसमोरच बैठक मारली आणि सूर लावला. "काय मोठ्या मनाचा माणूस गं! मरतानी काय म्हणला गं! म्हणला, माझ्या मेव्हण्याची हळद एक नंबर गं!"

पडद्यावर आकडा आला. तीन.

"म्हणला, म्या उगंच त्याच्यावर डूख धरला गं!"

तीन. तीन. तीन.

"म्हणला, घड्याळाचं सारं माफ केलं गं!"

पडदा तिनांनी भरून गेला. वरपासून खालपर्यंत तीनच तीन, आणि मागच्या प्लायवूडच्या आतून आरोळी आली, "माफ बिलकुल केलं न्हाई! खोटी हाय ही बाई!"

प्लायवूड हललं. एक फळी निखळली. आणि कृत्रिम बुद्धी धोतर सावरत बाहेर आली. गालात तंबाखूचा बार.

तिन्ही आडते खुर्च्यांवरून उठले.

"हा... हा बॅकअप आहे," हरीश म्हणाला.

चतुराबाईची लेक सपना कळमनुरीला कंप्युटरचा कोर्स करत होती. ती टेबलाखाली वाकली आणि माइकची वायर ओढली. वायर अख्खी हातात आली. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. मग तिनं फळीमागं हात घालून दुसरा कीबोर्ड काढला, त्याच्या तीन बटणांवर चुन्याचे ठिपके.

"काका आतून हळद ऐकायचे अन् बटण दाबायचे," सपना म्हणाली. "हरीश साहेब नाव पुकारायचे, म्हणून मेव्हणा बी कळायचा. बाकी हे मशीन निसतं आकडा दाखवून राहिलंय."

हरीश चपलांच्या ढिगाकडं धावला, तर तिथं त्याचे बूट कुठले! तो अनवाणीच नांदेडच्या गाडीमागं पळाला. (बूट बारा बायांपैकी कुणी लपवले, हे विचारू नका. आम्हीही सांगणार नाही.)

उत्तमरावांनी शेषरावला धरलं. "काहून केलं रे असं? मला विचारायचं होतं, पगार वाढवला असता!"

शेषराव खाली बघत म्हणाला, "पगाराचं न्हाई मालक. वीस वर्षं म्या तोंडानं 'दोन' म्हणलं की लोक माझी गचांडी धरायला यायचे. आत बसून तेच 'दोन' दाबलं, की पाया पडायचे. एकानं बी काहून म्हणून विचारलं न्हाई. मेव्हण्याला तीन दाबलं तरी लोक म्हणले, मशीनला जास्त कळतं." त्यानं तंबाखू थुंकायला जागा शोधली. "गोड वाटलं मला."

उत्तमरावांनी कंप्युटरपुढची उदबत्ती विझवली.

आडत्यांपैकी एक म्हणाला, "फेका ते डबडं विहिरीत."

"काहून?" चतुराबाई उसळली. "डबड्यानं काय केलं? त्याला हार तुमी घातला. सपने, हे खरं काय करतंय ते सांग."

सपनानं सांगितलं. कुणाचा माल कधी आला, किती वजन, कोणता नंबर, हे ते विसरत नाही. चिठ्ठी छापून देतं. एकाच माणसाला सारखा तीन पडत असला, तर तेही उघडं पाडतं. पण आत जे भराल तेच बाहेर येईल. खोटं भरलं तर खोटं, तेही छान छापून.

उत्तमरावांनी कंप्युटर ठेवला, हार काढला. बाया कामावर आल्या. फक्त चतुराबाईनं एक अट घातली: चिठ्ठीवर नंबरासोबत तो देणाऱ्याचं नाव पाहिजे.

पुढच्या बाजारी नर्सीचा एक शेतकरी छापील चिठ्ठी नाचवत आला. "दोन नंबर? चतुराबाई कोण हाय? काहून दोन?"

"म्या हाय," चतुराबाई म्हणाली. "बस. हे मोडलं, बघ, मधी ओल दिसून राहिली का?"

"न्हाई दिसत!"

"मंग दुसरं मोड."

अर्धा तास दोघं भांडले. सव्वीस हळकुंडं मोडली. नंबर दोनच राहिला, पण माणूस समजून गेला, पाया पडून नाही.

बाबांनो, मशीन घ्या, चांगलं असतं. पण ते बोललं की दोन गोष्टी विचारा: हे कशावरून? आणि ह्याच्यात भरलं कुणी? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करील, त्याची फळी जरा हलवून बघा.