तेहतीस आणि चौतीस

प्रयोगशाळेत तिचं नाव कुणी घेत नसे, कापणीबाई म्हटलं की भागायचं. बारा वर्षं ती सरडे कापत होती. पेशींची वाढ थांबवणारं औषध टोचायचं, दोन तास थांबायचं, कात्रीने मुंडकं उडवायचं, मांडीच्या हाडातली मज्जा स्लाइडवर टाकून रंगवायची आणि मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं मोजायची. मोजायची ती, मिरवायचे सर. नोकरी दर अकरा महिन्यांनी नवी. "हा शोध छापून येऊ दे, बाई," सर म्हणत, "तुमचं नाव घालतो आणि तुम्हाला कायमही करतो." कायम झालेल्यांचे घरच्यांसकट औषधोपचार फुकट होत, आणि तिच्या नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन तेवढ्यावरच अडलं होतं. या गाजरावर तिने चार वर्षं काढली.

शोध असा: टेकडीच्या माथ्यावरच्या सरड्यांत गुणसूत्रं तेहतीस, पायथ्याच्यांत चौतीस. दोन गुणसूत्रं जोडून एक झालं आणि माथ्यावर नवी जात निघाली, हे सरांचं म्हणणं. त्या जातीला आपल्या वडिलांचं नाव द्यायचं हेही त्यांनी ठरवून टाकलेलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मेलेला सरडा बाटलीत सडू नये म्हणून त्याचं पोट फाडावं लागतं, आणि पोट फाडल्यावर नर की मादी ते लपत नाही. माथ्यावरचे एकोणीसच्या एकोणीस नर होते. पायथ्याच्या सगळ्या माद्या, निम्म्यांच्या पोटात अंडी. विणीच्या दिवसांत नर उंच दगडांवर छाती काढून बसतात, माद्या खाली झुडपांत असतात. पकडणाऱ्याने जिथे जे मिळालं ते पिशवीत घातलं. जात एकच होती, फक्त नराला एक गुणसूत्र कमी. सरांनी नवरा-बायकोच्या दोन जाती केल्या होत्या.

तिने वहीत नर-मादीचा रकाना आखला, तर सरांनी तो लाल पेनाने उभा खोडला. "हात चालवा, बाई. डोकं चालवायला मी आहे." दोन विद्यार्थी फिदीफिदी हसले. तो रकाना मग तिने घरच्या वहीत चालू ठेवला.

"सरळ जाऊन सांग ना त्यांना," पलंगावर पालथा पडलेला नवरा म्हणाला.

"एकट्याला कशाला? त्यांचा शोध ऐकायला बाहेरचे प्राध्यापक येतायत. त्यांच्यासमोर तोंडावर आपटू दे. डोकं कुणाचं चालतं ते दिसेल सगळ्यांना."

तो दिवस उजाडला. सभागृह भरलेलं, सर रंगात आलेले. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पाहुण्यांनी हात वर केला. "यात नर किती, माद्या किती?"

सर हातातले कागद चाळू लागले. कापणीबाई शेवटच्या रांगेत उठली, घरची वही उंच धरून. "माथ्यावरचे सगळे नर, पायथ्याच्या सगळ्या माद्या. इथे लिहिलंय."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला इतकं सुख कधी झालं नव्हतं.

सर खाली आले, तिच्या हातातून वही घेतली, दोन पानं उलटली आणि हसले. "कुणी विचारतंय का, तेच बघत होतो मी! नव्या जातीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. नरात लिंग ठरवणारं गुणसूत्रच दुसऱ्याला चिकटलंय. ही नोंद ठेवायला बाईंना मीच सांगितलं होतं."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या.

"खोटं! रकाना तुम्हीच खोडलात!" ती ओरडली.

"बसा हो बाई, सरांना बोलू द्या," शेजारच्याने तिची ओढणी खेचली.

शोध छापून आला, एकट्या सरांच्या नावाने. प्रयोगशाळेच्या नोंदी घरी ठेवल्या म्हणून तिला पुढचे अकरा महिने मिळाले नाहीत. शेवटच्या दिवशी नव्या मुलीला काम शिकवायचं तिच्याकडेच आलं. टेबलावर नवी छापील वही होती. पहिलाच रकाना, नर की मादी.

"हा आधी भरायचा," सर मुलीला म्हणाले. "कापणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही."

कापणीबाईने कात्री पुसली आणि मुलीला मुंडकं कुठे धरायचं ते दाखवलं. घरी नवरा पालथा पडून वाट बघत होता. शोध छापून आल्याचं त्याला कळलं होतं, नोकरी गेल्याचं तिने सांगितलं नव्हतं. ऑपरेशनची तारीख कधीची मिळाली, हे तो तिला आल्या आल्या विचारणार होता.