शालनबाईंची अटक

बदलापूरला मांजर्लीत राहणाऱ्या शालन शेजवळ अंबरनाथच्या एका शाळेत एकतीस वर्षं होत्या, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून. त्या रस्त्यात दिसल्या की आजही चाळिशीचे बाप्ये हातातली सिगारेट पाठीमागे लपवत. अशा बाईंना एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता मोबाइलवर अटक झाली.

व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस होता. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, असं त्याने दरडावलं. बाईंनी जन्मात डोकेदुखीच्या गोळीपलीकडे काही घेतलं नव्हतं. तरी त्या घाबरल्या आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तेव्हा गॅस बंद करायचीसुद्धा त्यांनी परवानगी मागितली.

दुपारी तीनला त्याने कोर्टाची नोटीस पाठवली. ती वाचता वाचता बाईंची भीती पहिल्यांदा हलली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"'सर्वोच्य' असं काही नसतं. सर्वोच्च. ही नोटीस कुणी लिहिली?"

टायपिंगची चूक आहे, असं तो पुटपुटला. बाईंनी पुढच्या चुका काढायला घेतल्या. बाराव्या चुकीला त्यानेच फोन कापला.

शेजारच्या भावनाने ही गोष्ट बिल्डिंगभर केली. रविवारी सेक्रेटरींनी शाल-श्रीफळ देऊन बाईंचा सत्कार केला आणि शुद्धलेखनाचं महत्त्व या विषयावर स्वतःच वीस मिनिटं बोलले. पुण्याहून मुलाने, मिलिंदने, फोनवर सांगितलं की काही गेलं तर नाहीच, उलट तूच जिंकलीस. बाई हो म्हणाल्या. पण फोन वाजला की त्या दचकू लागल्या. स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीत बसवेना, म्हणून ओट्यापाशी उभ्यानेच जेवू लागल्या. त्या सहा तासांतली एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

महिन्याभराने राजसी नावाची मुलगी आली. ती उल्हासनगरला समाजकार्य शिकत होती आणि गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसांचं पुढे काय होतं, यावर तिचा प्रबंध होता. तिने बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म पुढे केला. बाईंनी तो आधी लाल पेनाने तपासला, नववा आणि सतरावा प्रश्न एकच असल्याचं दाखवून दिलं आणि मगच उत्तरं लिहायला घेतली. एकविसाव्या प्रश्नाशी पेन थांबलं. 'या घटनेत आपण काय गमावलं?' खाली दागिने, रोख, वस्तू, इतर. बाईंनी 'इतर'वर खूण केली आणि पुढची जागा कोरी सोडली.

राजसीने कारण विचारलं नाही. अंबरनाथला दर गुरुवारी अशा लोकांची बैठक होते, तिथे नुसतं बसलं तरी चालतं, एवढंच ती म्हणाली.

गुरुवारी सहाजण जमले होते. गंमत अशी, की जो तो दुसऱ्या कुणासाठी आला होता. एक बाई भाचीसाठी, एकजण मित्रासाठी. खरवईचे किसन भोपी मेव्हण्यासाठी आले होते. उल्हासनगर कॅम्प एकमधले सिंधी कापडवाले लालचंद आईसाठी आले होते. 'बाई, मी नाही, तो' हे एकतीस वर्षं ऐकलेल्या शालनबाईंना यातलं किती खरं ते बसल्या जागी कळलं.

"मला स्वतःलाच फसवलं," त्या म्हणाल्या. "मध्ये मला बाथरूमला जायचं होतं. मी त्या माणसाला करंगळी वर करून दाखवली. शाळेत पोरं मला दाखवायची, तशी. तो म्हणाला, थांबा. आणि मी थांबले."

मग किसनरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला मेव्हणाच नाय, बाई. मलाच फोनवरल्या पोलिसानं भिंतीकडं तोंड करून उभा केला, हात वर. दोन तास. मधी म्हस सुटली, बायको बोंबलत व्हती, पन मी काय हात खाली केलं नाय."

बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. मग किसनराव हसले, आणि पाठोपाठ सगळेच. हसता हसता बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि बराच वेळ थांबलं नाही. त्या खोलीत 'पण काही गेलं तर नाही ना' असं कुणी म्हणालं नाही.

लालचंद मात्र खरोखरच आईसाठी आले होते. गळ्यातली साखळी खेचून नेल्यापासून म्हातारी खोलीतून बाहेर पडत नव्हती. पुढच्या सोमवारी राजसी, बाई आणि किसनराव त्यांच्या घरी गेले. दार आतून बंद होतं. बाईंनी बाहेर स्टूल मागवलं आणि मराठी वळणाच्या हिंदीत दाराशी बोलत बसल्या. आधी गुडघ्यांवर, मग सुनांवर, मग लोणच्याला बुरशी का येते यावर. किसनरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

तासाभराने आतून बारीक आवाजात प्रश्न आला.

"पापड खाओगे?"

दार उघडलं. म्हातारी कुणाकडेही न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली. लालचंद जागच्या जागी उभेच राहिले. किसनरावांनी पाच पापड खाल्ले.